अपठित उतारा

आमच्या शाळेत जिन्याखाली एक खोली आहे. दारावरच्या पाटीवर तिचं नाव 'वाचन कक्ष' आहे आणि मुलांच्या तोंडी 'ढ वर्ग'. मुलं ते नाव मला ऐकू येईल अशा बेतानं घेतात. पूर्वी मी बाहेर जाऊन एकेकाचा कान पिळायची. आता कान पिळायला बंदी आली, म्हणून दारात उभी राहून नुसती बघते. तेवढ्यानंही बरेच जण पळतात.

खोलीचं छत तिरकं आहे. मधली सुट्टी झाली की डोक्यावरून अख्खी शाळा धडधडत खाली येते आणि तेवढा वेळ आम्ही गप्प बसतो, कारण एकमेकांचं काही ऐकू येत नाही. आत एक टेबल, दोन खुर्च्या, मुलांच्या उंचीला लावलेला आरसा, ट्रेमध्ये वाळू आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा गठ्ठा. एवढ्या सामानावर मी वाचायला शिकवते. डोळे चांगले, कान चांगले, डोकं तर काहींचं माझ्यापेक्षा तल्लख, पण छापलेली ओळ समोर आली की अक्षराची आणि आवाजाची गाठ पडत नाही, अशी मुलं माझ्याकडे येतात. लोक म्हणतात, आळशी आहेत. असं म्हणणाऱ्या एका बापाला मी आमच्या छोट्या खुर्चीत बसवलं आणि आरशात दिसणारं पान मोठ्यानं वाचायला लावलं. दुसऱ्या ओळीला त्याला घाम फुटला. तो पुन्हा फिरकला नाही, पण पोराच्या पाठीवरचे वळ दिसेनासे झाले.

आमचं काम असं असतं. शब्द पट्टीखाली झाकायचा आणि एकेक अक्षर उघडत जायचं. हनुवटीखाली हात धरायचा आणि शब्द म्हणताना ती किती वेळा खाली येते ते बघायचं, तेवढे शब्दाचे तुकडे. 'प' आणि 'फ'मध्ये घोटाळा होत असेल तर ओठांसमोर कागदाचा कपटा धरायचा. 'फ' नीट म्हटला तर तो उडतो. 'त' आणि 'ट'साठी आरशात जीभ बघायची. मी स्वभावानं उतावळी बाई आहे, घरी चहा उकळेपर्यंत मला धीर निघत नाही. पण या खोलीत मूल एखाद्या शब्दापाशी अडलं तर मी जीभ दातांखाली धरून बसते. शब्द आयता द्यायचा नाही. तो त्याचा त्यानंच काढायचा.

भिंगरी माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीत बसली नाही, खुर्चीभोवती फिरली. नाव मीच ठेवलं. तिला ते आवडलं, कारण त्याआधी शाळेत तिला मिळालेली नावं घरी सांगण्यासारखी नव्हती. बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही, आणि कान तर असा तिखट की एकदा ऐकलेली गोष्ट शब्दाला शब्द सांगायची. वर्गात वाचायची पाळी आली की शेजारची मैत्रीण ओळ कानात कुजबुजायची आणि ही पुस्तकात बघून ती खणखणीत म्हणायची. बरेच दिवस एकाही शिक्षकाच्या हे लक्षात आलं नाही. उलट 'वाचन उत्तम' असा शेरा मिळाला.

म्हणून तिच्यासाठी मी पोकळ शब्द काढले. पोकळ म्हणजे ज्यांना अर्थच नाही, मी तिथल्या तिथे बनवलेले. टुमळ. झिबकट. गरफुस. असा शब्द कुणी आधी ऐकलेला नसतो, चित्रावरून ओळखता येत नाही, पाठ तर असूच शकत नाही. तो वाचावाच लागतो. बाकीची मुलं या शब्दांना वैतागतात. भिंगरी खूश झाली.

"बाई, हे तर कुणालाच येत नसणार ना? पहिल्या नंबरवालीलासुद्धा नाही?"

"तिलासुद्धा नाही."

"मोठ्या बाईंनाही?"

"त्यांनाही वाचूनच बघावं लागेल."

त्या दिवशी ती पहिल्यांदा खुर्चीत टेकली. पुढे वाचून झालं की ती शब्दांना अर्थ द्यायला लागली. झिबकट म्हणजे दुसऱ्याच्या डब्यात डोकावणारा माणूस. गरफुस म्हणजे हसू दाबताना नाकातून निघणारा आवाज. आम्ही दोघी ते शब्द सर्रास वापरायचो. आमचे शिपाईकाका झिबकट आहेत, यावर आमचं एकमत होतं.

आणि ती वाचायला लागली. हळू. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठांतल्या ओठांत ते सोडवायची, पुन्हा जोडायची आणि मग मोठ्यानं म्हणायची. बोट अक्षराखाली ठेवल्याशिवाय तिला जमायचं नाही. पण वाचायची. एके दिवशी बसच्या मागची जाहिरात तिनं वाचली आणि बस निघून गेल्यावरही तोंड उघडं ठेवून उभी राहिली, असं तिच्या आईनं मला सांगितलं. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, दिवसभर बारीक छापलेलं वाचते. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता नियम असा की अशा मुलाला दोन वर्षं वर्गाबरोबर ठेवतात. मग शिक्षण खात्याचे तपासनीस येतात आणि मूल एक अपठित उतारा मोठ्यानं वाचून दाखवतं. अपठित म्हणजे मुलानं आधी कधीही न वाचलेला. वाचता आला तर मूल आपल्या वर्गात राहतं. नाही आला तर शहराच्या पलीकडच्या टोकाला वेगळी शाळा आहे, तिथे जावं लागतं. भिंगरीला जायचं नव्हतं. तिची ती कुजबुजणारी मैत्रीण याच वर्गात होती, बाकही ठरलेलं होतं. "मला फक्त इथं राहायचंय," ती म्हणायची, "बाकी काही नको." मी तपासनिसांना आधीच गाठलं आणि कबूल करून घेतलं की वेळेची अट लावणार नाही, पोर लागेल तेवढं थांबेल. ते 'बरं' म्हणाले. माणूस कंटाळलेला होता, पण वाईट नव्हता.

उतारा निवडायचा मान मुख्याध्यापिकांचा. आमच्या मुख्याध्यापिका म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. शाळेत सगळ्यांसाठी मोठ्या बाई, माझ्यासाठी ताई. आई गेली तेव्हा मी फ्रॉक घालायच्या वयाची होते. माझ्या वेण्या हिनं घातल्या, मला शाळेत हिनं सोडलं, आणि ही पट्टीची, आरशाची, कपट्याची विद्याही मला हिनंच शिकवली. ही खोली मुळात तिची. ती मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर गेली आणि खोली माझ्या हाती आली. लहानपणी ती मला गोष्टी वाचून दाखवायची. मोठा शब्द आला की आधी बारीकसा श्वास घ्यायची, घशात 'हं' करायची आणि मग तो शब्द उचलायची. अजूनही प्रार्थनेनंतर सूचना वाचताना ती तसंच करते. मला ते इतकं सवयीचं होतं की ऐकूही यायचं नाही.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात भिंगरी बदलली. खुर्चीत मुकाट बसायची. मी नवा पोकळ शब्द लिहिला तर त्याला अर्थ देईना. एकदा मी मुद्दाम शिपाईकाकांचं नाव काढलं, तर नुसती मान हलवली. माझ्याकडे बघायची आणि मी बघितलं की नजर खाली घालायची.

"पोटात गोळा आलाय का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"काही नाही. बाई, मला जमतंय का हो?"

"न जमायला काय झालं? गेल्या आठवड्यात 'वर्तमानपत्र' वाचलंस की."

तिनं मान डोलावली, पण चेहरा उजळला नाही. परीक्षेची भीती, दुसरं काय, असं मी धरून चालले. मुलाच्या जिभेचं टोक कुठं टेकतंय ते मला तीन हातांवरून कळतं, आणि माझ्यासमोर बसलेल्या पोरीच्या मनात काय चाललंय ते मला कळलं नाही.

तपासणी ताईच्या ऑफिसात झाली. टेबलाच्या एका बाजूला तपासनीस, सर्दीनं बेजार, हातात रुमाल. शेजारी ताई. मी भिंतीला टेकून उभी, भिंगरीच्या नजरेला पडेन अशा जागी. तिची आई बाहेर बाकावर. ताईनं पाकिटातून कागद काढून भिंगरीपुढे ठेवला. उतारा एका दीपस्तंभावर होता. शब्द अवघड होते. मी मनातल्या मनात ताईवर चिडलेही, की जरा सोपा निवडायला हिचं काय जात होतं.

भिंगरीनं कागद दोन्ही हातांनी उचलला आणि सुरुवात केली.

"समुद्राच्या काठावर, खडकाळ टेकडीच्या माथ्यावर, एक जुना दीपस्तंभ उभा होता."

एका दमात. दोन वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो हाच, असं वाटून माझे डोळे भरले. दुसरी ओळ आली, तिसरी आली. जोडाक्षरं आली आणि गेली. पोर कुठं अडलीच नाही. तपासनिसांनी रुमाल खाली ठेवला.

मग ती म्हणाली, "रात्र झाली की त्याचा, हं, प्रकाशझोत दूरवर फिरत असे."

तो 'हं' तिचा नव्हता.

मी नीट बघायला लागले. तिचं बोट अक्षराखाली नव्हतं. दोन्ही हातांनी कागद धरला होता, आणि बोटाशिवाय तिला ओळ सापडत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तिची नजर कागदावर होती, पण ओळीवर सरकत नव्हती, एका जागी थिजली होती. हनुवटी सहज वरखाली होत होती, शब्द आधीच तोंडात असल्यासारखी. "त्या वृद्ध, हं, रखवालदारानं" असं आलं, आणि माझ्या लहानपणाचा आवाज दहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यातून ऐकू आला. श्वास तोच, ठेका तोच, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडायची रीत तीच.

मी ताईकडे पाहिलं. ती समोरच्या पेपरवेटकडे बघत होती.

उतारा संपला. तपासनीस म्हणाले, "अरे वा! हिला तर काहीच अडचण नाही. उगाच बोलावलंत मला." आणि हसले. ताईही हसली. भिंगरी हसली नाही. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. खोलीत आणखी कुणीच नसावं तसं पाहिलं.

मी काय करणार होते? माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की ही पोर आत्ता या परक्या माणसासमोर उघडी पडता कामा नये. मी म्हणाले, "शाब्बास."

तिनं मान खाली घातली.

बाहेर तिच्या आईनं माझे दोन्ही हात धरले. सोडीचना. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही वेळेवर सुचवलंत म्हणून झालं हे."

"मी काय सुचवलं?"

"ते हो, उतारा आवाजात भरून फोनवर पाठवायचं. मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा मी आधी घाबरले. म्हटलं, बाईंना विचारते. त्या म्हणाल्या, अहो, तिनंच सांगितलंय मला, तिला स्वतःला पाठवता येत नाही, बरं दिसत नाही. आणि बाईंसमोर विषय काढू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल. म्हणून गप्प बसले. पोरगी आधी ऐकेना. मी म्हटलं, अगं, तुझ्या बाईंनीच सांगितलंय. तेव्हा कुठं बसली ऐकायला. रोज स्वयंपाक करताना लावायचो." बोलता बोलता तिला माझा चेहरा दिसला असावा. "आता तर झालं ना बाई? आता बोललं तर चालेल ना?"

मी हो म्हणाले. त्या बाईला काय सांगणार होते? तिनं तर विश्वास ठेवला होता, माझ्यावर.

तपासनिसांची गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी दम धरला. मग ऑफिसात शिरले आणि दार लावून घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"ताई, तू हे काय केलंस?"

ताई टेबल आवरत होती. "बस. पाणी पी आधी."

"तू माझं नाव सांगितलंस!"

"हळू बोल. बाहेर वर्ग चालू आहेत."

"चालू देत. ऐकू देत सगळ्यांना. माझा केसानं गळा कापलास तू."

ती खुर्चीत बसली. थकलेली दिसत होती, आणि मला तिची दया येऊ नये म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"गेल्या पंधरवड्यात मी तुझ्या दाराशी आले होते," ती म्हणाली. "ती 'स्वातंत्र्य' शब्दावर अडली होती. मी बाहेर उभी. ती सोडवतेय, सोडवतेय, चुकतेय, परत पहिल्यापासून. तू गप्प. मला बघवेना गं. दाराबाहेर माझाच जीव कासावीस झाला. म्हटलं, हे त्या माणसापुढे झालं तर? तो तुझ्यासारखा बसून राहील?"

"त्यानं कबूल केलं होतं."

"कबूल सगळेच करतात. मी अशा तपासण्या खूप बघितल्यात. तोंडावर हो म्हणतात आणि मग पेन वाजवत बसतात. एकदा पेन वाजायला लागलं की मूल संपलं. मी एवढंच बघितलं की पोरगी जायला नको. तुझी दोन वर्षं मातीत जायला नकोत."

"त्या दिवशी तिनं वाचला का तो शब्द?"

"काय?"

"'स्वातंत्र्य'. वाचला का तिनं?"

ताईनं पेपरवेट उचलून बाजूला ठेवला.

"तू थांबलीच नाहीस. तू निघून गेलीस. तिनं वाचला, ताई. वाचला आणि उडी मारली, तर डोकं त्या तिरक्या छताला आपटलं. आम्ही दोघी हसलो. तू अजून थोडी थांबली असतीस तर तुला दिसलं असतं."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण ती मुख्याध्यापिका आहे, अशी सहजासहजी हार जात नाही. "झालं ते झालं. ती वर्गात राहिली ना? तिला हेच हवं होतं. आता आरामात शिकव. वेळच वेळ आहे."

"शब्द आयता द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?"

"मीच शिकवलं," ती म्हणाली. "तेव्हा मी खोलीत होते. इथं बसून बघ एकदा." मग आवाज खाली आणून, "तुझं नाव घेतलं ते चुकलं. पण तुझ्याशिवाय ती पोर कुणाचंच ऐकत नाही. दुसरं नाव चाललंच नसतं."

एवढ्या वर्षांत तिनं मला खूप गोष्टी दिल्या. माझ्याकडे माझं म्हणण्यासारखं एकच होतं, त्या पोरीचा माझ्यावरचा भरवसा, आणि नेमका तोच तिनं मला न विचारता उचलला आणि वापरला. परक्या कुणी केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. सख्ख्या बहिणीशी धड भांडताही येत नाही, कारण मध्येच ती म्हणते, "जेवलीस का?" तिनं तसंच विचारलं. मी दार आपटून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आपल्या तासाला आली. मी रात्रभर तिला जे सांगायचं ठरवलं होतं ते विसरून गेले आणि सरळ कामालाच लागले. नवा छोटा उतारा काढून तिच्यासमोर ठेवला, पट्टी दिली. सोपा होता. तिनं पट्टी हातात घेतली नाही.

"आधी तुम्ही म्हणून दाखवा," ती म्हणाली. "मग मी म्हणते."

"असं कधी करतो का आपण?"

"आता तसंच करायचं ना?" आवाजात राग नव्हता. मोठी माणसं बोलतात तसं समजुतीनं बोलत होती ती. "मला एकदा ऐकलं की येतं. तुम्हाला बसून राहावं लागणार नाही."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"भिंगरे, इकडे बघ. तो आवाज मी पाठवायला सांगितला नव्हता. मला माहीतच नव्हतं. मला काल कळलं, तू बोलत होतीस तेव्हा."

ती माझ्याकडे बघत राहिली. खरं की खोटं, ते तपासत असावी.

"आई म्हणाली, तुम्हीच सांगितलंत."

"आईला तसं सांगितलं गेलं होतं. आई खोटं बोलली नाही. पण ते खरं नव्हतं."

"म्हणजे तुम्हाला वाटलं नव्हतं, की हिला जमणार नाही?"

"कधीच नाही."

"मी आठवडाभर तेच समजत होते," ती म्हणाली. पण रडली नाही. "मला वाटलं, तुम्ही समोर म्हणता येतंय येतंय, आणि मागून आवाज पाठवता. मला तुमच्याकडे बघवत नव्हतं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं ठेवू दिला. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. पाय हलायला लागले. मला वाटलं, सुटले. वर जिन्यावरून कुणीतरी धावत गेलं.

"मी वाचला असता का तो दीपस्तंभाचा?" तिनं विचारलं.

"वाचला असतास."

"हळू?"

"हळू. दोनतीनदा अडली असतीस. पण वाचला असतास."

मग तिनं ज्या चलाखीनं कुठल्याही शब्दाचे तुकडे पाडायला मी तिला शिकवलं होतं, त्याच चलाखीनं विचारलं, "तुम्हाला मी बोलतानाच कळलं ना? की मी वाचत नाहीये?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत त्यांना? की ही वाचत नाहीये, हिला दुसरा उतारा द्या?"

"अगं, कसं सांगणार? दुसरा दिला असता आणि तू अडली असतीस, तर ते तुला नापास..."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तेव्हा कुठं मला ते ऐकू आलं.

भिंगरीनं मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं.

"म्हणजे तुम्हालाही तसंच वाटलं," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलत राहिले. तो माणूस परका होता, तू घाबरलेली होतीस, आई बाहेर होती, असं बरंच. ती सगळं ऐकून घेत होती. मग तास संपायच्या आतच तिनं दप्तर उचललं, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि "येते बाई" म्हणून गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, तिच्या वर्गाकडे, जिथं बसायला तिला आता कुणाचीही हरकत नव्हती.